आमच्या पोरी दूध पीत नाहीत

माझी थोरली बहीण सिंधूअक्का हिने जन्मात पहिल्यांदा दूध मागितलं ते तिला सातवा महिना लागल्यावर. सासरची माणसं तिची ओटी भरायला सोनगीरहून आमच्या असोद्याला आली होती, त्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. मी तेव्हा नववीत होते. चुलीवर म्हशीच्या दुधाचं पातेलं भरलेलं होतं आणि ते दूध सकाळी तिनेच काढलेलं होतं. तिला ते मिळालं नाही.

दुधाची टंचाई नव्हती, हे आधी नोंदवायला हवं. ही हकिकत मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. आमचं घर केळी-कापसाचं. दारात दोन म्हशी आणि एक गावरान गाय. त्या वर्षी गाय आटलेली होती, एक म्हैस भाकड होती. पण चांदी नावाची जी दुभती होती तिला वडील, म्हणजे नाना, भिजवलेली सरकी स्वतःच्या हाताने घालायचे. सरकी खाणाऱ्या म्हशीचं दूध बोटाला चिकटतं. संध्याकाळचं दूध डेअरीला जायचं, सकाळचं घरात राहायचं. आई ते गोवऱ्यांच्या धगीवर ठेवायची आणि दुपारपर्यंत त्याला हात लावायची नाही. वर जाड, पिवळसर साय धरायची. शाळेतून आलं की उंबऱ्यातच वास यायचा, थोडा धुराचा, थोडा गोड. गोठ्यातून म्हशीच्या साखळीचा आवाज, माजघरात रवीची घुसळण, आणि ओट्यावर नानांचं कुणाशी तरी हळू आवाजात बोलणं. नाना कधी ओरडत नसत. हेही नोंदवते, कारण लोकांचा दुसरा अंदाज तो असतो.

वाटप ठरलेलं होतं. नानांना रात्री जेवणानंतर तांब्याभर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ दिलीप, त्याला सकाळ-संध्याकाळ पेला, वरून साय घालून. पाहुणा पुरुष आला तर त्याला. गाय दुभती असली तर तिचं दूध आधी देवाला आणि मग घरातल्या आजारी माणसाला, तो माणूस पुरुष असला तर. आईला शेळीचं दूध आवडायचं. ती धुळ्याकडची, तिच्या माहेरी शेळ्या होत्या, आणि शेळीच्या दुधाच्या चहाचा विषय निघाला की ती हातातलं काम थांबवून बोलायची. पण बकरी आपल्या दारात शोभत नाही, असं नानांचं मत होतं. आई कोरा चहा प्यायची. अक्काला आणि मला ताक हवं तेवढं होतं. शिवाय पातेल्याच्या तळाची खरवड. दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं की आई रिकामं पातेलं आमच्यापुढे सरकवायची. अक्का उलथन्याने तळ खरवडायची, मधला करपलेला भाग स्वतः घ्यायची, कडेचा मऊ मला द्यायची. दूध चवीला कसं असतं, हे आम्हाला एवढंच ठाऊक होतं. जळल्यासारखं.

याला घरात कोणी नियम म्हणत नव्हतं. आवड म्हणत. "आमच्या पोरी दूध पीत नाहीत," नाना पाहुण्यांना सांगायचे, शेजारच्या शेतात किती कापूस निघाला हे सांगावं त्या सुरात. मूळ कारण आईने मला एकदा जात्यावर बसल्या बसल्या सांगितलं. मी न पाहिलेल्या माझ्या आजीची ती युक्ती. मुलगी परक्या घरी जाणार. तिथे दुभतं असेल-नसेल, असलं तरी हाती लागेल-न लागेल. माहेरी सवय लागली तर ती तिथे मागेल, आणि मागितलं की बापाचं नाव निघेल. म्हणून सवयच लावायची नाही. आजी गेली, कारण विसरलं गेलं, आणि तिच्या भीतीची आमच्या आवडीत नोंद झाली.

दूध खरोखर ज्याला आवडत नव्हतं तो दिलीप. त्याला म्हशीच्या दुधाचा वासच सहन होत नसे. साय ओठाला लागली की तो पेला खाली ठेवायचा आणि अंगणाकडे बघत बसायचा.

"नाना, मले नको."

"पी. पहेलवान व्हायचं ना?"

"ताक द्या ना त्याच्यापरीस."

"ताक पोरींचं."

आम्ही दोघी समोर भाकरी खात बसलेल्या असायचो. अक्का हसू दाबत म्हणायची, "दिल्या, डोये मीट अन् औषध समज." तो नाक दाबून घटाघटा प्यायचा आणि एकदोनदा तर पाटावरच ओकला. नानांनी आईला पुन्हा पेला भरायला लावला. घरात एकाला नको ते कोंबलं जात होतं आणि दोघींना हवं ते दाखवलं जात होतं, आणि या सगळ्याला आवड हा एकच शब्द होता.

हे लिहायला बसण्याआधी मी दिलीपला फोन केला. दुसरी बाजू घेतल्याशिवाय मजकूर पुढे पाठवायचा नाही, ही वर्तमानपत्राच्या नोकरीतली सवय सुटलेली नाही. तो जळगावला राहतो. म्हणाला, "तुम्हाला आवडतच नव्हतं ना. कधी मागितलं होतं तुम्ही?" मी विचारलं, तू आता दूध घेतोस का? "छे. पहिल्यापासूनच नाही आवडत मला. काळा चहा घेतो." त्याच्या बायकोने म्हणे कधी आग्रह केला नाही. मी फोन ठेवला. मी स्वतः धुळ्यात राहते. कोपऱ्यावरचा डेअरीवाला रोज विचारतो, "ताई, गाय का म्हैस?" आणि या वयातही मला उत्तर द्यायला एक क्षण लागतो. मागून कोणी तरी "आटपा मावशी" म्हणतं.

अक्काला पाहायला सोनगीरची माणसं आली तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी नानांना अहिराणीत विचारलं होतं, "पोरना खावापिवाना काही नखरा शेतस का?" त्या उंच, हाडापेराने मोठ्या, बोलायला सडेतोड. नाना म्हणाले, "काही नाही. शिळंपाकं खाते. अन् आमच्या पोरी दूध पीत नाहीत." सासूबाईंनी मान हलवली. मुलगी साधी आहे, असा त्याचा अर्थ होता. लग्न झालं. सोनगीरच्या घरातही दुभतं होतं. पंगतीत दूधभात वाढताना सासूबाई अक्काच्या ताटावरून पुढे जायच्या, कारण तिच्या बापाने तसं सांगितलेलं होतं. अक्काने एकदाही तोंड उघडलं नाही. "मागितलं असतं तर नाना खोटे पडले असते," असं तिने मला नंतर सांगितलं. बापाने सहज फेकलेलं एक वाक्य मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पाळत होती.

पाचव्या महिन्यात ती माहेरी आली ती चेहऱ्याचा रंग गेलेली. जिना चढली की धाप लागायची. आईने तिला जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बरोबर होते. अंगात रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, पालेभाज्या खा, रोज दूध प्या, असं त्यांनी सांगितलं. आई म्हणाली, "दूध पीत नाही हो ती." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग प्यायला लावा." घरी आल्यावर आईने नानांना सगळं सांगितलं. नानांनी गोळ्या त्याच दिवशी आणल्या. मेथी, पालक शेतातून रोज येऊ लागली. दुधाचं मात्र ते म्हणाले, "आता मधीच काय दूध? उद्या सोनगीरवाल्यांच्या कानावर गेलं तं म्हनतील, बाप खोटं बोलला." आई गप्प बसली. अक्का तिथेच भाजी निवडत होती.

त्याच सुमारास चांदी व्याली. पारडू जगलं नाही. पारडू गेलेली म्हैस कधी कधी एकाच माणसाचा हात धरते आणि दुसऱ्या कोणाला पान्हा सोडत नाही. तिने अक्काचा हात धरला. आईलाही जवळ येऊ देईना. त्यामुळे पोटुशी अक्का दोन्ही वेळा गोठ्यात उकिडवी बसायची, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून, आणि चरवी फेसाने भरून आणायची. तो फेस चरवीच्या काठावरून ओघळून तिच्या मनगटावर यायचा. ती तो पदराला पुसायची.

आता ओटीचा दिवस. आमच्या घरची रीत अशी की ओटी भरून झाली की सासूने सुनेला सगळ्यांसमोर विचारायचं, काय खावंसं वाटतं. उत्तर आधीच ठरलेलं असतं. आईने पहाटेपासून खापरावर मांडे केले होते, घरभर गुळाचा आणि वेलदोड्याचा वास होता, आणि आदल्या दिवशी तिने अक्काला बजावलं होतं, "मांडे म्हन." मग सासू मांड्याचा घास भरवते, बायका हसतात, आणि कार्यक्रम संपतो. पुरुष ओट्यावर, बायका माजघरात, मध्ये दार उघडं. सासूबाईंनी नारळ ओटीत घातला आणि मोठ्याने विचारलं, "सांग बेटा, काय खावानी इच्छा शे?"

अक्का म्हणाली, "दूध. म्हशीचं. साय घालून."

कोणी तरी हसलं. ओट्यावरून नाना म्हणाले, "काहीतरीच काय मांगते, सिंधू? मांडे सांग."

"मांडे नको. दूध."

सासूबाई दाराकडे वळल्या. "नाना, तुम्हीच सांगेल व्हतं ना, पोरी दूध पेतस नही म्हनीसन?"

"नाहीच पेत. आजपावेतो पेली का, तिच्या मायले इचारा."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई खाली बघत म्हणाली, "नाही पेली." यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढे नोकरीत अशी कितीतरी निवेदनं माझ्या हाताखालून गेली, पण इतकं निर्दोष एकही नाही.

मग बोलणं वाढलं. नाना खोटं बोलले की नाही, एवढ्यावरच वाढलं. नानांचे चुलतभाऊ म्हणाले, डोहाळ्यात बायका माती पण मागतात, ते काय खरं धरायचं असतं? अक्काचे चुलतसासरे म्हणाले, शब्द तो शब्द. कोणी नानांच्या बाजूने, कोणी सोनगीरच्या. त्या घोळात जिने मागितलं ती पाटावर हिरव्या लुगड्यात बसून होती आणि तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. मी उठले, चुलीवरचं पातेलं उघडलं, मोठा पेला भरला, वर साय घातली आणि माजघराच्या दाराशी आले. नाना उठून समोर आले. त्यांनी शांतपणे माझ्या हातातून पेला घेतला. साय सांडली नाही. मग ते वळले आणि म्हणाले, "जावईबापू, घ्या."

जावई भला माणूस होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि पेला तोंडाला लावला. रिकामा करून त्याने तो खाली ठेवला. अक्काने मग मांड्याचा घास घेतला.

पाहुणे गेले. अक्का बाळंतपणासाठी आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडलं, चांदी हंबरायला लागली, आणि अक्का अंथरुणातून उठली नाही. आईने हाक मारली. अक्का म्हणाली, "ज्याले दूध आवडते त्यानं धार काढावी."

नानांनी ते ऐकलं. त्यांनी दिलीपला चरवी दिली. दिलीप म्हणाला, "मले तं आवडतही नाही, मी कायले काढू?" पण गेला. चांदीने पहिल्याच हाताला लाथ झाडली. चरवी एकीकडे, दिलीप दुसरीकडे. नाना स्वतः बसले. म्हशीने पान्हा चोरला. गल्लीतले दोघे जाणते आले, गूळ चारून झाला, पाठीवर थोपटून झालं, थेंब-दोन थेंबांपलीकडे काही नाही. असे दिवस गेले. घरात सगळ्यांना कोरा चहा. अक्का रोज एकच सांगायची, "पेलाभर द्या, चरवीभर काढते." नाना रोज ऐकायचे आणि कापसाच्या शेताकडे निघून जायचे. त्या दिवसांत अक्काचे पाय सुजले. आई रात्री तिचे पाय चोळायची आणि काही बोलायची नाही. आईच्या त्या गप्प बसण्याचा राग माझ्यात नानांच्या रागाइतकाच आहे. तो वयाने उतरलेला नाही.

मग नानांनी एक जुना उपाय काढला. म्हैस एका बाईच्या हाताची झाली असेल तर दुसऱ्याने तिचं लुगडं नेसून धार काढायची. कपड्याच्या वासाने म्हैस फसते. अक्काचं रोजचं निळं लुगडं दोरीवर वाळत होतं. नाना म्हणाले, "धुतलेलं नको, अंगावरचं दे." अक्काने बदलून दिलं. माझ्या सतरा वर्षांच्या भावाला आमच्या वडिलांनी अंगणात उभं करून बहिणीचं लुगडं नेसवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि गोठ्यात पाठवलं. कुंपणापलीकडे पोरं जमली. "दिल्याबाई, पदर सांभाळ!" दिलीप रडत होता. चांदीने लुगड्याचा वास घेतला, मग दिलीपच्या हाताचा घेतला, आणि खाली बसली.

एका पेल्यासाठी. मी हे वाक्य पुष्कळ वेळा खोडलं आहे आणि पुन्हा लिहिलं आहे.

लुगड्याची गोष्ट असोद्यात राहिली नाही. चारपाच दिवसांनी दुपारच्या एसटीने सासूबाई एकट्या आल्या. चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही. ओट्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "नाना, पोऱ्याले लुगडं नेसाडं, अन् पोरले पेलाभर दूध दिन्हं नही? सोनगीरमा बठ्ठा लोके हासी ऱ्हायनात."

नाना म्हणाले, "आमच्या घरातली गोष्ट आहे, व्याहीणबाई."

"तिना पोटमा शे ते आमनं शे. पयलं बाळंतपण आमना घर व्हई. मी इले लई जास."

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेराहून सासरी गेली, असं आमच्या गल्लीत झालेलं नव्हतं. आईने हात जोडले. नानांनी पाठ फिरवली. सासूबाई दयाळू होत्या असं मी लिहीत नाही. त्यांना त्यांच्या घराचं हसं नको होतं आणि नातवंड धड हवं होतं. अक्काने पिशवी भरली. जाताना ती गोठ्यात गेली नाही.

सोनगीरला त्या संध्याकाळी काय झालं, हे मी अक्का आणि तिचा नवरा या दोघांना वेगवेगळं विचारलं आहे. दोघांचं सांगणं जुळतं. सासूबाईंनी सगळं घर जेवायला बसलेलं असताना अक्कापुढे पेला ठेवला आणि म्हणाल्या, "पे." अक्का प्यायली. तिने दुसरा मागितला, तोही दिला. तिला पुढे मुलगी झाली. मुलीला दूध आवडत नाही. लहानपणापासून ती ताक पिते आणि कोणी तिला कधी काही म्हटलेलं नाही.

इकडे चांदी आटली. नाना आणि दिलीप तिला पाचोऱ्याच्या गुरांच्या बाजारात घेऊन गेले. तिथे एका शेतकऱ्याने तिची कास पाहिली, दात पाहिले आणि विचारलं, ही कोणाच्या हाताची आहे, हिची धार कोण काढायचं?

नाना म्हणाले, "माझा पोरगा."

दिलीप शेजारी दावं धरून उभा होता. त्याने हे मला स्वतः सांगितलं.